मार्सेलिस : फ्रान्सचे सर्वांत जुने शहर

मार्सेलिस हे नाव आपण ऐकतो ते बहुधा सावरकरांच्या उडीमुळे. फ्रेंच लोक त्याला ‘मार्सेय’ म्हणतात. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्रावर वसलेलं हे शहर लोकसंख्येने पॅरिसच्या खालोखाल येतं. वयाने मात्र ते पॅरिसचा आजोबा! इ.स.पू. 600 च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसिया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले आणि त्यांनी ‘मस्सालिया’ वसवलं. ते जिथे उतरले ती खाडी आजही शहराच्या मधोमध आहे, तिला ‘जुनं बंदर’ म्हणतात. सकाळी तिथे ताजी मासळी विकायला असते. याच मासळीचा ‘बुयाबेस’ नावाचा केशर घातलेला रस्सा शहराची ओळख बनला आहे.

बंदराने शहराला श्रीमंत केलं आणि बंदरानेच एकदा निम्मं शहर मारलं. मे 1720 मध्ये पूर्वेकडून कापड घेऊन ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ हे जहाज आलं. वाटेत जहाजावर माणसं मेली होती. अशा जहाजाला दूर ठेवायचे कडक नियम मार्सेलिसमध्ये होते, त्यासाठी वेगळी जागासुद्धा होती. पण माल मोठ्या व्यापाऱ्यांचा, त्यातले काही शहराच्या कारभारातलेच, आणि बोकेरची जत्रा तोंडावर आलेली. नियम सैल झाले, कापड शहरात शिरलं, त्याबरोबर प्लेगही. सुमारे 90 हजार वस्तीपैकी 40 हजारांच्या आसपास माणसं गेली. नियम नव्हते असं नाही, ते पाळायचे कुणी हा प्रश्न होता.

मार्सेलिसचा साबण तर जगप्रसिद्ध. ऑलिव्हचं तेल, खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींच्या राखेचा क्षार आणि मीठ, तिन्ही गोष्टी जवळपास मिळत. 1688 मध्ये चौदाव्या लुईच्या राजाज्ञेने ऑलिव्हशिवाय दुसरं तेल वापरायला बंदीच घातली. आजही त्या चौकोनी वड्यांवर 72 टक्के असा छाप असतो.

फ्रान्सचं राष्ट्रगीत ‘ला मार्सेएझ’ इथे लिहिलेलं नाही बरं का! ते 1792 मध्ये रूजे द लील याने स्ट्रासबर्गला लिहिलं. मार्सेलिसचे स्वयंसेवक ते गात पॅरिसमध्ये शिरले, म्हणून हे नाव पडलं.

आता सावरकर. 8 जुलै 1910 रोजी ‘मोरिया’ बोट या बंदरात उभी असताना त्यांनी शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. फ्रेंच भूमीवर पाय लागला होता, तरी फ्रेंच शिपायाने त्यांना धरून ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला : अटकेत अनियमितता झाली, पण सावरकरांना परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. चूक मान्य, भरपाई नाही, असा हा न्याय!

1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर पूर्वेकडच्या जहाजांसाठी मार्सेलिस हे युरोपचं दार झालं. इटलीहून, आर्मेनियाहून, अल्जीरियाहून माणसं येत राहिली. फुटबॉलपटू झिनेदिन झिदान याच शहराच्या उत्तरेकडच्या गरीब वस्तीत, अल्जीरियन घरात वाढला. या शहराला फुटबॉलचं वेड किती म्हणाल, तर 1993 साली इथल्या क्लबने युरोपचा चॅम्पियन्स चषक जिंकला, तो आनंद अजून ओसरलेला नाही.

पण सगळं गोजिरवाणं नाही. 5 नोव्हेंबर 2018 रोजी शहराच्या मध्यभागी, ओबान्य रस्त्यावरच्या दोन जीर्ण इमारती कोसळून 8 जण ठार झाले. लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे पावसाळ्यात अशा बातम्या येतात, त्यामुळे आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आज मोठी मालवाहतूक पश्चिमेकडच्या फोस इथे गेली आहे, तिथे तेलाचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. जवळच्या मारिन्यानला हेलिकॉप्टर बनतात. ‘सीएमए सीजीएम’ या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीचं मुख्यालयही मार्सेलिसलाच आहे, झाहा हदीद यांनी आखलेल्या उंच मनोऱ्यात. शिवाय हल्ली या बंदरात जहाजांइतक्याच महत्त्वाच्या झाल्यात समुद्राखालच्या इंटरनेट केबल. त्यांतल्या काही तर थेट आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून, लाल समुद्रातून मार्सेलिसला पोचतात.