अंगावरचा गोल चट्टा : गजकर्ण की कुष्ठरोग?

ब्रह्मपुरी, सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंतच्या धानपट्ट्यात रोवणी म्हणजे दिवसभर चिखल आणि अंगावर ओले कपडे. खाजणारे गोल चट्टे याच दिवसांत वाढतात. गावात फिरताना आम्हाला दोनच गोष्टी ऐकू येतात : 'गजकर्ण आहे, ट्यूब लावली' किंवा दबक्या आवाजात, 'महारोग तर नसेल?' दोन्हींत उपचार लांबतो.

गजकर्ण कशामुळे होते?
बुरशीमुळे. ती कातडीच्या वरच्या थरावर जगते आणि बाहेरच्या बाजूला पसरत जाते. म्हणून कडा लाल, खवलेदार आणि मधला भाग मोकळा दिसतो. खाज खूप येते. टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून ती घरभर पसरते.

मग ते वर्षानुवर्षे का जात नाही?
मेडिकलवरून विचारून आणलेल्या अनेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत वाढते. ट्यूब बंद केली की चट्टा पुन्हा उठतो. बुरशीचे औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्यावे, खाज थांबली म्हणून सोडू नये. घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा.

कुष्ठरोग वेगळा कसा?
त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, कधी गोल कड्यासारखाही. तो सहसा खाजत नाही आणि तिथे स्पर्श, गरम-थंड कमी कळते. असा चट्टा असेल तर लगेच आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध मोफत मिळते. ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला तर नसा निकामी होऊन हातापायाला व्यंग येते.

हा पूर्वजन्माच्या पापाचा भोग नाही, जंतूचा आजार आहे. हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ मध्येच शोधला. आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटेंनी १९४९ मध्ये आनंदवन उभे केले, कारण समाजाने रुग्णांना घराबाहेर काढले होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळायला मात्र २०१९ उजाडले.

युवकांनो, विहारातल्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयाला द्या. चट्टा लपवणाऱ्याला हसू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा.