दोन विद्यार्थी जमले की संघटना

अमेरिकेत रॅगिंगला ‘हेझिंग’ म्हणतात, पण त्याची जातकुळी थोडी वेगळी. आपल्याकडे हॉस्टेलवरचा सीनियर नवख्याला गाठतो. तिथे फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांचं बंधुमंडळ), बँड किंवा क्रीडासंघात शिरकाव हवा म्हणून नवखा बहुधा आपणहून दारात उभा राहतो. मग काही बिनसलं, की ‘तो स्वखुशीने आला होता’ हे ठरलेलं पालुपद! डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट’ने व्याख्येतच ही पळवाट बुजवली. तयारी असो वा नसो, प्रवेशासाठी दारू पाजणं, झोपू न देणं, मारहाण हे हेझिंगच. दोन सदस्य विद्यार्थी असले तरी ती ‘विद्यार्थी संघटना’, मग विद्यापीठाची मान्यता असो-नसो. दोषी संघटनेचं नाव, घटनेचं स्वरूप आणि चौकशीच्या तारखा विद्यापीठाने वेबसाइटवर टाकायच्या आणि पाच वर्षं ठेवायच्या. पीडिताची ओळख मात्र गुप्त.

शिक्षेचं काम राज्यांकडे. २०१७मध्ये टिमोथी पियाझा हा विद्यार्थी फ्रॅटर्निटीतल्या हेझिंगच्या रात्रीनंतर दगावला. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावे कडक कायदा केला. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९चा, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला.