यंत्राचा कान आणि मिरजेची जवारी

रेडिओवर माझा जो आवाज तुमच्यापर्यंत येतो, तो माझा सगळा आवाज नव्हे. माणसाचा निरोगी कान सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकतो. मध्यम लहरींवरून त्यातली साडेचार-पाच हजारांच्या पलीकडची कंपनं फारशी पोचत नाहीत. साध्या टेलिफोनच्या तारेवर तर ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा. तरी घरची माणसं आवाज ओळखतातच. नादाचा कुठला भाग ठेवला आणि कुठला गेला, याची गोष्ट आज सांगायची आहे.

इक्वलायझर हे टेलिफोनच्याच घरातलं अपत्य. लांबच्या तारेतून आवाज जाताना वरचे सूर जास्त झिजायचे. पलीकडच्या टोकाला ती झीज भरून काढून सगळे सूर पुन्हा समान करायचे, म्हणून त्याला हे नाव पडलं. पुढे ते सिनेमात आणि स्टुडिओत आलं, नंतर आपल्या घरच्या कॅसेट डेकवर सरकत्या दांड्यांच्या रूपात बसलं. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसनबर्ग या अमेरिकन अभियंत्याने पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला. नेमक्या कुठल्या कंपनाला हात घालायचा, किती घालायचा आणि किती रुंद पट्ट्यात घालायचा, हे तिन्ही त्यामुळे हातात आलं. आज संगणकावर ध्वनीचं काम करणारा प्रत्येक जण तेच वापरतो.

मिक्सिंग म्हणजे गायक, ढोलकी, पेटी यांची वेगवेगळी मुद्रणं एकत्र मांडणं. मास्टरिंग म्हणजे त्या तयार मिश्रणावरचा शेवटचा हात. दोन्हीकडे इक्वलायझर लागतो, आणि दोन्हीकडे आजवर तो माणसाच्या कानावर चालत आला.

गेल्या काही वर्षांत मात्र ‘बुद्धिमान’ इक्वलायझर आले. आयझोटोप या अमेरिकन कंपनीने २०१६ मध्ये ‘न्यूट्रॉन’ आणलं, २०१७ मध्ये ‘ओझोन’च्या आठव्या आवृत्तीत मास्टरिंगचा मदतनीस बसवला. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरातली सोनिबल ही कंपनी ‘स्मार्ट ईक्यू’ बनवते. यांची रीत साधारण सारखी. तुम्ही गाणं सुरू करता, यंत्र काही सेकंद ऐकतं. ऐकतं म्हणजे मोजतं : कुठल्या पट्ट्यात किती जोर आहे. मग पुष्कळ ध्वनिमुद्रणांवरून आधीच ठरवून ठेवलेल्या एका नमुन्याशी ते ताडून बघतं. जिथे तुमचा आवाज नमुन्याच्या वर गेला तिथे खड्डा, जिथे खाली राहिला तिथे उंचवटा. काही सॉफ्टवेअर तर गाणं चालू असताना क्षणाक्षणाला हा नकाशा बदलत राहतात. दोन वाद्यं एकाच पट्ट्यात एकमेकांना झाकत असतील, तर एकाला थोडं मागे सारून दुसऱ्याला जागा देणंही त्यांना जमतं. हे कौतुकाचं आहे. एरवी या कामाला वर्षानुवर्षं तयार झालेला कान लागतो.

आमच्या अष्टमीला, कुंडलिकेच्या काठी, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका लग्नात हळदीची गाणी म्हणतात. वाद्य नाही, टाळ्यांचा ठेका. ती गाणी जाणणाऱ्या आता थोड्याच उरल्या, म्हणून एका हौशी तरुणाने ती मुद्रित केली आणि अशाच एका सॉफ्टवेअरच्या हवाली केली. मी शेजारी बसून बघत होतो. ‘स्त्रीचा आवाज’ हा पर्याय निवडल्याबरोबर यंत्राने १,००० कंपनांच्या आसपास चांगला खड्डा पाडला आणि १०,०००च्या वर उंचवटा काढला. सत्तरीतल्या बायका एकदम चाळिशीच्या वाटू लागल्या. पंख्याची सूंसूंही वर आली, पण ती गोष्ट वेगळी.

मला खटकलं ते निराळंच. आमच्या कोकणी बोलीत शब्द अर्धा नाकातून येतो. अनुनासिक स्वराचा ठसा बराचसा हजार आणि त्याखालच्या कंपनांत असतो. यंत्राला तो ‘नाकातला आवाज’ म्हणजे दोष वाटला आणि त्याने तो पुसून टाकला. गाणं गोड झालं, बोली पातळ झाली. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा सौदा परवडणारा नाही.

खालूबाजातल्या सनईचंही तसंच. तिचा तिखटपणा पालखीच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी असतो. नमुन्याशी ताडून बघणाऱ्या यंत्राला तो कर्कश वाटतो. नमुन्यांच्या त्या ढिगात सनया किती होत्या, हे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

सगळ्यात बोलका दाखला तंबोऱ्याचा. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम बसलं आणि फरीदसाहेबांच्या काळापासून ते घराणं तंतुवाद्यांकडे वळलं. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तिथे आजही तंबोरे घडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. यालाच जवारी काढणं म्हणतात. जवारी नीट लागली की एकाच तारेतून कितीतरी वरचे स्वर झणकारत उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडली त्या जागेमुळे पाठ्यपुस्तकाच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात स्वच्छ उमटतात, आणि ही किमया त्या घोडीची, असं त्यांनी दाखवलं.

मला तर ती घोडीच एक इक्वलायझर वाटते. सरासरी बाजूला ठेवून कारागिराने एकेका तारेला वेगळा न्याय दिलेला असतो. आता हा नाद बुद्धिमान इक्वलायझरसमोर ठेवा. त्याला दिसतात अरुंद, उंच, सतत वाजणारी टोकं. अशी टोकं म्हणजे खोलीचा घुमारा किंवा माइकचा दोष, असंच त्याला शिकवलेलं. ते इमानदारीने एकेक टोक दाबतं आणि कारागिराची सगळी मेहनत सपाट करून ठेवतं.

म्हणून यंत्र टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. छोट्या गावात, एका खोलीत काम करणाऱ्या पोराला ते खरोखर उपयोगी पडतं. आम्ही तीन गोष्टी केल्या. यंत्राच्या सुधारणेचा जोर शंभरावरून तिसावर आणला. तयार पर्याय बाजूला ठेवून, त्याच बायकांचं शांत खोलीतलं एक चांगलं मुद्रण नमुना म्हणून दिलं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. आणि आधीचं व नंतरचं ऐकताना दोन्हींची मोठाई सारखी केली, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. या शेवटच्या गोष्टीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ती केली आणि मघाची निम्मी ‘सुधारणा’ नाहीशी झाली. मग हजाराजवळचा खड्डा हाताने बुजवला. पंख्याच्या सूंसूंपुरता यंत्राचा सल्ला ठेवला.

तयार झालेली गाणी आता मुंबईत आणि आखातात नातेवाइकांच्या फोनवर फिरतात. मूळ मुद्रण वेगळ्या डिस्कवर ठेवलं आहे, कुठलीही सुधारणा न करता. त्यात चौथ्या गाण्याच्या मध्यावर कुकरची शिट्टी होते आणि दोघीजणी हसू लागतात.