फुकटच्या डावात पॅक करणं

राहात्याच्या आमच्या शिवारात शेतीपंपाला लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की माझा आतेभाऊ पेरूच्या बागेत मोटारीजवळ बाज टाकतो. एका प्लॉटचा ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्याचा उघडायचा, की पुढचा तासभर मोकळा. त्या तासात तो मोबाइलवर पोकर खेळतो. एक रुपयाही न भरता.

परवा एक रात्र मीही त्याच्यासोबत जागलो. टूर्नामेंटला प्रवेश फी नाही, सगळ्यांना सारख्याच खोट्या चिप्स, त्या संपल्या की माणूस बाहेर. पहिल्याच डावात चौघांनी पानं नीट न बघता होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे ढकलल्या. आतेभावाकडे चौकट राजा आणि किलवर तिर्री. त्यानं पॅक केलं, म्हणजे पानं टाकून दिली. "भाऊ, ही जत्रा आहे," तो म्हणाला. "अर्ध्या तासात निम्मी माणसं घरी जातील. तोवर गप बसायचं."

तीन पत्ती येणाऱ्याला पोकर समजायला वेळ लागत नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची सामाईक: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर चाल. या सातांतली सर्वात भारी पाच पानं तुमची.

जुन्या खेळाडूला ठेच लागते ती वेगळ्याच ठिकाणी. आतेभावाचा सिक्वेन्स (ओळीनं आलेली पानं) एकदा कुणाच्या तरी कलरपुढे (एकाच जातीची पानं) हरला आणि ॲप चोर आहे असं त्यानं जाहीर करून टाकलं. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो ना! पण हिशेब करून बघा. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पानांवर गेलं की चित्र उलटतं: साधे सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. आता कलर दुर्मीळ. ॲप सरळ होतं, आमची सवय तीन पानांची होती. (गंमत म्हणजे तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच जातीचा सिक्वेन्स, ४८, तरी ट्रेलच वर. पारावर हे काढून बघा, रात्र सरेल.)

खरी शिकवणी पुढची. त्याच्या हातात दोन बदाम आणि मधल्या तीन पानांत दोन बदाम. आणखी एक आला की कलर. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०० होते, समोरच्यानं ३०० टाकले. आपण ३०० भरले तर पॉट १,२००, म्हणजे आपण चौथा हिस्सा भरणार. तेव्हा जिंकायची शक्यता निदान २५ टक्के हवी. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९. पुढच्याच पानावर बदाम यायची शक्यता १९ टक्के. आतेभाऊ हे तोंडी करतो, "नऊ दुणे अठरा, म्हणजे साधारण अठरा टक्के", आणि पॅक करतो. शाळेत गणितात त्याला कसेबसे पस्तीस पडायचे. पण पेरूची उभी बाग उक्ती घेणारा व्यापारी झाडाकडे बघून माल किती निघेल, वाटेत सडणार किती, हा अंदाज बांधतो, तो तरी दुसरं काय करतो?

तासाभरानं गर्दी ओसरली आणि खेळ बदलला. सक्तीची आरंभीची बोली, म्हणजे ब्लाइंड, दर काही मिनिटांनी वाढत जाते. नुसतं बसून राहणारा झिजतो. कमी चिप्स उरल्यावर कधी सगळं लावायचं, सर्वांत शेवटी बोलायची पाळी असण्याचा फायदा कसा घ्यायचा, हे इथेच कळतं. एक गोष्ट मात्र फुकटच्या डावात शिकता येत नाही: हूल देणं. समोरच्याचं काही जाणारच नसेल, तर तो घाबरेल कशाला?

फुकटातून वर गेलेलेही आहेत. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड पंधराव्या वर्षापासून अशाच टूर्नामेंट खेळली. खिशातून पैसा भरला नाही, असं तिचं सांगणं. २००७ मध्ये लंडनच्या जागतिक मालिकेत ती दहा लाख पौंड जिंकली, तेव्हा एकोणिसावा वाढदिवस उद्यावर होता. त्याच वर्षी एक छोटी टूर्नामेंट तिनं पानं झाकून, एकदाच बघून जिंकली होती. तीन पत्तीच्या भाषेत, जवळजवळ सगळी ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता. अमेरिकेच्या क्रिस फर्ग्युसननं शून्यातून दहा हजार डॉलर केले. त्याला दीडेक वर्ष लागलं. एका टूर्नामेंटला जमेच्या दोन टक्क्यांहून जास्त लावायचं नाही, हा त्याचा नियम. पण तो ज्या फुल टिल्ट पोकर कंपनीच्या मालकांपैकी होता, तिच्यात २०११ मध्ये खेळाडूंचे पैसे अडकले. म्हणजे शिस्त त्याची घ्यावी, भरवसा मात्र ठेवू नये.

आपल्याकडेही कंपन्या या टूर्नामेंट धर्मादाय म्हणून भरवत नव्हत्या. फुकटात चटक लागली की माणूस पैसे भरतो, हा साधा धंदा. तो ऑगस्ट २०२५ मध्ये अडला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. रमी हा कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालय १९६८ मध्येच म्हणालं होतं. नव्या कायद्यानं तो वादच बाजूला ठेवला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावले की बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या पोकर साइट्सनी काही दिवसांतच पैशांचे टेबल उचलले. (त्याच्या महिनाभर आधी राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला होता. त्यांनी तो नाकारला. पुढे त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं.)

त्या रात्री दोन वाजून गेले, तेव्हा टूर्नामेंटमध्ये साठेक जण उरले होते. आतेभावाला पानं आली: बदाम एक्का, इस्पिक एक्का. दोन पानांतला याहून भारी हात नाही. सरासरी २२१ डावांत एकदा येतो. तेवढ्यात एक फेज गेला आणि मोटार घुरघुरायला लागली. त्यानं मोबाइल बाजेवर टाकला आणि स्टार्टरकडे पळाला. मागून मी बॅटरी घेऊन.

परत आलो तोवर वेळ संपली म्हणून ॲपनं एक्क्यांची जोडी पॅक करून टाकली होती. मला हळहळ वाटली. तो चप्पल झटकत बाजेवर बसला.

"खरे पैसे लावलेले असते ना भाऊ," तो म्हणाला, "तर आज मोटार जळाली असती."