खारा वारा आणि जुनी मोटार

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर जुनी होडी विकत घेणारा मनुष्य प्रथम काय करतो? तो तिचा रंग पाहत नाही. तो वाकून तळ पाहतो, फळ्या ठोकून पाहतो, सांधे चाचपतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. तोच मनुष्य जुनी मोटार घेताना मात्र रंग, गाद्या आणि किलोमीटरचा आकडा एवढेच पाहून विसार देऊन मोकळा होतो. हा धडा मी स्वतः महागात शिकलो आहे, म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडीत आहे.

पाच-सात माणसांच्या कुटुंबाला पुरेल अशी, मध्यम आकाराची आणि थोडी उंच गाडी हल्ली घरोघर हवी असते. हिला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. २०११ साली आलेली महिंद्रची एक्सयूव्ही ५००, २०१२ ची रेनॉ डस्टर, २०१५ ची ह्युंदाई क्रेटा ह्या त्याच जातीच्या. जुन्या जीपमध्ये खाली शिडीसारखी पोलादी चौकट असे आणि वर पत्र्याची पेटी बसविलेली असे. पेटी गंजली तरी भार चौकट वाही. क्रॉसओव्हरला अशी वेगळी चौकट नसते. पातळ पत्र्यांच्या घड्या एकमेकींस सांधून जे शरीर बनते, तोच तिचा सांगाडा. त्यामुळे गाडी हलकी होते आणि वळणावर स्थिर राहते. परंतु पत्रा गंजला म्हणजे हाडच गंजले!

आता गंज इतका का चढतो? पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आपण पाहतोच. मीठ हवेतील ओल ओढून घेते व पाझरू लागते. समुद्राचे मीठ मोटारीच्या तळाशी बसले म्हणजे हेच घडते. पाऊस नसतानाही तेथे ओलाव्याचा एक पातळ थर राहतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची क्रिया त्यात फार जलद चालते. म्हणून देवबाग-तारकर्लीच्या वाळूत पाच वर्षे उभी राहिलेली गाडी आणि कोल्हापूरला दहा वर्षे धावलेली गाडी ह्यांत दुसरी अधिक निरोगी असणे सहज शक्य आहे. आकडा अंतर सांगतो, मीठ सांगत नाही.

माझ्या गाडीचा आकडा पन्नास हजारांच्याही आत होता. पहिल्या मालकाचे घर समुद्रालगत होते, ह्याची मी चौकशीच केली नाही. फोंडा घाट उतरताना ब्रेकचे पायटे एकाएकी खाली गेले. मागे मुले बसलेली! ब्रेकच्या तेलाची तळाकडील लोखंडी नळी गंजून फुटली होती. मोटारीत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा काही चाके धरतो. त्याच्या आणि खालच्या गिअरच्या बळावर गाडी थांबली. सांगावयाचे तात्पर्य, तळ पाहण्याची ती अर्धी घटका मी आळसाने वाचविली होती.

तेव्हा गाडी मेस्त्रीकडे न्यावी, वर उचलावी आणि दारांखालचे पट्टे, चाकांवरील कमानी, जादा चाकाची खोबण व ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. तळाला नुकताच काळा लेप दिलेला दिसला तर आनंद न मानता संशय घ्यावा. छपराला काचेची खिडकी असल्यास तिच्या पन्हळी आंब्या-फणसाच्या पाल्याने तुंबतात व पाणी आत उतरून तारांचे जोड हिरवे पडतात. घाटात राबलेल्या गाडीचा क्लच झिजलेला असतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जळण्यास लांबची सलग धाव लागते. केवळ घर ते बाजार फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते. पुरात बुडालेली गाडीही ओळखावी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाळाची रेघ तेथे लपत नाही.

हवेतील ओल केवळ लोखंडच खाते असे नव्हे. ताकाता ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगांतील स्फोटक द्रव्य उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडे आणि पिशवी फुगताना धातूचे तुकडे उडत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात होंडाच्या सीआर-व्हीसारख्या गाड्याही त्यांत होत्या. २०१७ साली ताकाताचे दिवाळे निघाले, पण जुन्या गाड्या अद्याप बाजारात फिरतात. चासी क्रमांक देऊन अधिकृत दुकानात ही दुरुस्ती झाली की नाही हे अवश्य विचारावे.

शेवटी कागद. गाडी गोव्याची असेल तर तेथील परिवहन खात्याचे ना-हरकत पत्र आणि आपल्याकडील वाहनकर हा खर्च किमतीत आधीच धरावा. आणि गाडी घरी आल्यावर दर पंधरवड्यास तिचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. कोणती कंपनी चांगली, असे आपण नेहमी विचारतो. त्याआधी ही गाडी आजवर कोठे राहिली, कोणी कशी वापरली, हे विचारण्याची सवय लागली तर आपला पैसा आणि आपली माणसे दोन्ही सुरक्षित राहतील.