‘पांढरी बाहुली’ : एका रोगलक्षणाचे नाव

बालकांच्या नेत्रकर्करोगास वैद्यकात ‘रेटिनोब्लास्टोमा’ अशी संज्ञा आहे. दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींत रोगाचा उगम आहे, हे तिच्यावरून वैद्यास कळते. मातेस काहीच कळत नाही. त्याच्या प्रमुख लक्षणाच्या ‘ल्युकोकोरिया’ या नावाची गोष्ट निराळी आहे. ग्रीक भाषेत ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा आणि ‘कोरे’ म्हणजे मुलगी, बाहुली, तसेच डोळ्यातील बाहुलीही. म्हणून ‘पांढरी बाहुली’ हा त्याचा तंतोतंत मराठी पर्याय होय.

ब्रिटनमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या व देणग्यांवर चालणाऱ्या ‘चाइल्डहुड आय कॅन्सर ट्रस्ट’ने २०१४ साली बालकांच्या छायाचित्रांची भित्तिपत्रके लावली. त्यांतील बाहुल्यांवर परावर्तक शाई होती; फ्लॅश लावून छायाचित्र घेताच त्या पांढऱ्या चकाकत. रोगग्रस्त डोळ्यातही पुष्कळदा हीच चकाकी घरच्या छायाचित्रात प्रथम दिसते.

अशा चकाकीस अन्य कारणेही असू शकतात. तथापि रोग डोळ्यापुरता असतानाच ओळखल्यास बहुतेक बालके वाचतात. यास्तव निधीसाठी काढलेल्या मराठी आवाहनाचे पहिले वाक्य असे असावे : ‘बाळाच्या डोळ्यातील बाहुली पांढरी दिसल्यास तत्काळ नेत्रतज्ज्ञास दाखवा.’ मग देणगी न देणारा वाचकही एखाद्या बालकाच्या उपयोगी पडेल.