जॉश गिब्सनचे न मोजलेले फटके

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने आपली विक्रमांची वही दुरुस्त केली. संपूर्ण कारकिर्दीतल्या सर्वोत्तम बॅटिंग सरासरीचा मान कित्येक दशके टाय कॉबच्या ०.३६७ कडे होता. तो आता जॉश गिब्सनच्या ०.३७२ कडे आला. स्लगिंगमध्येही बेब रूथचे ०.६९० मागे पडले आणि गिब्सनचे ०.७१८ वर आले. गिब्सन मेजर लीगचा एकही सामना खेळला नव्हता. त्याला खेळू दिले नव्हते, कारण तो काळा होता.

क्रिकेटच्या वाचकाला हे आकडे थोडे उलगडून सांगायला हवेत. बेसबॉलमध्ये सरासरी धावांची नसते. मोजल्या जाणाऱ्या दर शंभर खेळींत किती वेळा फटका मारून बेस गाठला, याची असते. स्लगिंग त्या फटक्याची ताकद पाहते. एका बेसच्या फटक्याला एक गुण, होम रनला चार, आणि बेरजेला खेळींनी भागायचे. चपळ फलंदाज आणि दणकेबाज फलंदाज यांतला फरक इथे कळतो. गिब्सन दोन्हींत पहिला आहे, आणि तोही कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, असताना. सामनाभर गुडघे मोडून बसणाऱ्या माणसाने अशी फलंदाजी करावी, हे मला आजही थक्क करते.

तो होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांकडून खेळला. ग्रेजचे अनेक सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये होत. तिथे डावीकडची सीमा चारशे फुटांपलीकडे होती, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या गिब्सनचे जोरकस फटके तिकडेच जात; म्हणजे होम रन तिथे सोपा नव्हता.

१९६९ साली एका विशेष समितीने कोणत्या जुन्या लीग ‘मेजर’ मानायच्या हे ठरवले, तेव्हा गिब्सन ज्यांत खेळला त्या कृष्णवर्णीयांच्या ‘निग्रो लीग्ज’ त्यात नव्हत्या. त्यांना मान्यता मिळाली डिसेंबर २०२० मध्ये. आकडे जमवण्याचे काम कष्टाचे होते. ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत छापलेले धावफलक संशोधकांनी वर्षानुवर्षे शोधून जुळवले होते. १९२० ते १९४८ मधल्या २,३०० हून अधिक खेळाडूंची कामगिरी त्यातून अधिकृत झाली. तरीही नोंदींचा सुमारे पाऊण भागच हाती लागला आहे.

आक्षेप असा की कॉबच्या अकरा हजारांहून अधिक खेळींसमोर गिब्सनच्या दोन हजारांहून थोड्या अधिक खेळी कशा ठेवायच्या? आक्षेप गणिताला धरून आहे. पण या खेळी कमी का पडल्या? लीगचे वेळापत्रकच तोकडे होते. पोट भरायला संघ गावोगाव फिरत, स्थानिक संघांशी खेळत, आणि ते सामने हिशेबात धरत नाहीत. मेक्सिको, पोर्तो रिकोतले फटकेही धरलेले नाहीत. कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममधली त्याची पाटी सगळे सामने मिळून जवळपास ८०० होम रन सांगते; अधिकृत वहीत दोनशेही नाहीत. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी छापले पाहिजेत. सरासरी काही अंशी परत मिळवता येते, कारण ती प्रमाणावर उभी असते. एकूण होम रनचा आकडा मात्र संधीवर वाढतो, आणि बंदीने नेमकी तीच हिरावली.

गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली ती बंदी मोडली. पिट्सबर्गमधल्या गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. धावफलकांचा शोध अजून चालू आहे. नवे सापडतील तसे त्याचे आकडे पुन्हा बदलतील.